गाडीत पाणी येतं कुठून? पेण, कासू, रोहा आणि एक न विकलेली गाडी

शनिवारी गाडी बघायला गिऱ्हाईक येणार होतं, म्हणून मी शुक्रवारी सकाळीच गाडी घेऊन डोंबिवली सोडली.

महिनाभर आमच्या गाडीत पाणी येत होतं. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढे, जिथे पाय ठेवतो तिथे. सुरुवातीला नुसती चटई ओलसर लागायची. मग कार्पेट दाबलं की बोटांमधून पाणी वर यायला लागलं. मग एका वळणावर आतून चक्क डुबुक असा आवाज आला. आणि सगळ्यांत शेवटी तो कुबट वास, जो कपड्यांना लागतो आणि लिफ्टमध्ये शेजारच्यांना जाणवतो.

पनवेलजवळच्या ज्या सर्व्हिस सेंटरला आम्ही गाडी देतो, तिथला सुपरवायझर कार्पेटवर हात फिरवून उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला म्हणाला, "साहेब, मॅडमनी साचलेल्या पाण्यातून गाडी काढलेली दिसतेय. नाहीतर काच उघडी राहिली असेल. लेडीजच्या हातून होतं असं. खालची वायरिंग आता सडणार. ती जायच्या आत विकून टाका."

साहेबांना, म्हणजे सुधीरला, गाडी चालवता येत नाही. गाडी मी चालवते, पहिल्यापासून मीच. सुधीर वाईट माणूस नाही, पण गळ्यात आयकार्ड घातलेला माणूस बोलला की त्याला ते खरंच वाटतं. मी घरी शंभरदा सांगितलं की मी पाण्यात गाडी घातली नाही आणि काच उघडी ठेवली नाही. तो शांतपणे म्हणायचा, "अगं, मुद्दाम केलंस असं कोण म्हणतंय? चुकून झालं असेल." त्या 'चुकून'चा मला जास्त राग यायचा. मग एके संध्याकाळी त्याने सांगितलं की ओळखीतला एक जण शनिवारी गाडी बघायला येतोय. मला विचारलं नव्हतं. सांगितलं होतं.

"शनिवारी गाडी इथे नसेल," मी म्हटलं. "ती रोह्याला असेल. पाणी कुठून येतं ते सापडल्याशिवाय मी ती कुणाला दाखवणार नाही."

"मी पण येते," आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "मला वंदनाकडं जायचंच हाय. आन् गाडी विकलीत तर मला कोण नेईल रं, तू?"

वंदनाताई म्हणजे माझी नणंद, रोह्याला नदीपलीकडे अष्टमीत राहतात. सासूबाईंचं माहेर वाटेत, कासूच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात. इतकी वर्षं डोंबिवलीत काढून त्यांची बोली तसूभर हललेली नाही. तर हे आमचं प्रवासी मंडळ: सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई, मी, आणि जिच्यावर कुणाचाच भरवसा राहिला नव्हता अशी गाडी.

आता जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. ऑगस्टमध्ये पेण-रोह्याकडे जाणार असाल तर उजाडताना निघा. पनवेल ओलांडलं की ट्रक वाढायच्या आत खारपाड्याचा पूल मागे पडलेला बरा. रस्ता पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगला आहे, पण जिथे काम चालू आहे तिथे पाणी भरलेला खड्डा आणि नुसतं पाणी यांतला फरक कळत नाही. पुढच्या गाडीची चाकं किती बुडतात ते बघा आणि मगच जा. मी तेच करते. नेहमी तेच करत आले आहे.

निघायच्या आदल्या दिवशी मी कार्पेट उचलून खालचं पाणी टिपून काढलं, पंखा लावून सगळं वाळवलं आणि कार्पेटखाली वर्तमानपत्रं पसरली. कागद खोटं बोलत नाही. थेंब पडला की डाग दिसतो.

गाडीत येणारं पाणी तीन ठिकाणचं असू शकतं, एवढं मी वाचून काढलं होतं. एक, इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी. ते चिकट असतं आणि त्याला गोडसर वास येतो. दुसरं, एसीचं. एसी चालू असताना गाडीखाली जे पाणी ठिबकतं त्याची नळी तुंबली तर ते आत उतरतं. आणि तिसरं, पावसाचं. ते कुठूनही येतं.

म्हणून मी पेणपर्यंत एसी लावलाच नाही. भर पावसात एसीशिवाय गाडी चालवणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. आतून सगळ्या काचा धुरकटतात. सासूबाई मांडीवर पंचा घेऊन बसल्या होत्या आणि समोरची काच पुसत होत्या.

"लाव की गो तो एशी."

"नाही आई. लावला तर पाणी कुणाचं ते कळणार नाही."

"आन् न लावल्यावर आपण खड्ड्यात गेलो तर?"

"तर सुधीर खूश होईल."

त्या हसल्या आणि जोरात काच पुसायला लागल्या.

पेणमध्ये गाडी बाजाराच्या अलीकडे लावली. दार उघडून कार्पेट उचललं. वर्तमानपत्र भिजलं होतं, पार दुसऱ्या पानापर्यंत. म्हणजे एसी निर्दोष. मी बोट बुडवून वास घेतला, कसलाच नाही. सासूबाईंनी सरळ बोट जिभेला लावलं. "अहो आई!" म्हणेपर्यंत त्यांचा निकाल आला होता, "खारट नाय, गोड नाय. पावसाचं हाय."

(तुम्ही असं करू नका. इंजिनातलं ते रंगीत पाणी विषारी असतं.)

पेणमध्ये नाश्ता केल्याशिवाय पुढे जाऊ नका. आम्ही स्टँडजवळच्या एका साध्या हॉटेलात मिसळ खाल्ली, वर तिखट रस्सा आणि दोनदा चहा. मग गिरणीचे पातळ पोहे आणि पोह्याचे पापड घेतले. ओले व्हायला नकोत म्हणून पिशवी मागच्या सीटवर. दुकानातल्या बाईंनी विचारलं, "गणपतीचं बघायला आलात काय? जोह्याला जावा, मूर्तींचे कारखाने उघडेच असतात." म्हटलं, "नाही, पाणी बघायला आलोय." त्यांना वाटलं आम्ही धबधब्यावर निघालोय. त्यांनी धबधब्याचा रस्ताही सांगितला.

वडखळ सोडून कासूकडे निघालो तसा पाऊस थांबला. दोन्ही बाजूंना लावणी होऊन गेलेली शेतं, भात चांगलं गुडघ्यापर्यंत आलेलं. खाडीकडे बघाल तर मातीचे लांबलचक बांध, त्यांच्या अलीकडे भात आणि पलीकडे भरतीचं मचूळ पाणी. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या समुद्राला शेतात येऊ नकोस म्हणून सांगत आलीत. मला तो परिसर त्या दिवशी एकदम आपला वाटला.

सासूबाईंच्या भावाकडे, म्हणजे मामांकडे, जेवायला थांबलो. गाडी अंगणात उघड्यावर लावली. मी पुन्हा सगळं पुसलं, नवे कागद घातले, काचा एकेक करून तपासल्या, दारं बंद केली आणि किल्ली मामांच्या हातात दिली.

"मी काय करू ह्याचं?" मामा म्हणाले. "मला सायकलशिवाय काय येत नाय."

"म्हणूनच तुमच्याकडे देते. जेवण होईपर्यंत मला देऊ नका. मी मागितली तरी नाही."

मामींनी तांदळाच्या भाकऱ्या, टाकळ्याची भाजी, वालाचं बिरडं आणि सुकट केली होती. आम्ही जेवत असताना पाऊस आला. असा आला की अंगणातली तुळस दिसेना. मी पानावरून उठून दारात गेले. गाडी नुसती उभी होती. इंजिन बंद, काचा बंद, चाकांखाली साचलेलं पाणी जेमतेम बोटभर.

पाऊस ओसरल्यावर मामांनी किल्ली दिली. मी दार उघडलं, कार्पेट उचललं. कागद भिजलेला. आधी त्याचा फोटो काढला.

मला तिथेच रडू आलं. आनंदानं म्हणा, रागानं म्हणा. गाडी जागची हलली नव्हती. ती कुठल्या पाण्यात गेली नव्हती. काच बंद होती आणि किल्ली माझ्याकडे नव्हती. महिनाभर मी जे सांगत होते ते सगळं त्या भिजक्या कागदात होतं.

मामा माझ्या मागे येऊन उभे राहिले. "पानी आलं म्हून रडतंस का, सूनबाई?"

"नाही मामा. उभ्या गाडीत आलं म्हणून."

सासूबाईंनी तेवढ्यात सुधीरला फोन लावलासुद्धा. "ऐक. गाडी अंगणात उभी हुती. मी डोळ्यांनी बघितलंय. बायकोला परत बोललास तर बघ." पलीकडून काय उत्तर आलं माहीत नाही. त्यांनी फोन ठेवून दिला होता.

नागोठण्यावरून भिसे खिंडीतून रोह्याकडे जाणारा रस्ता पावसात फार देखणा असतो, पण वळणं आहेत आणि वाटेत गुरं बसलेली असतात. घाई करू नका. आम्ही संध्याकाळच्या आत अष्टमीत पोचलो. वंदनाताईंचे यजमान धाटावच्या कंपनीत आहेत. त्यांची रात्रीची शिफ्ट होती, त्यामुळे आमच्याशी दोन शब्द बोलून ते निघून गेले. राहिलो आम्ही तिघी. गप्पा झाल्या, मच्छीची आमटी झाली आणि सकाळचा बेत ठरला.

सकाळी ऊन पडलं. ताईंनी बागेचा लांब पाईप काढला. यजमान शिफ्टवरून येऊन आत झोपले होते, त्यामुळे सगळं हळू आवाजात चाललं होतं. निदान सुरुवातीला.

ज्यांच्या गाडीत पाणी येतं त्यांनी हा भाग नीट वाचा. एक माणूस गाडीत, एक बाहेर. पाणी खालून वर मारत जायचं. आधीच टपावर पाईप धरला तर पाणी सगळीकडून खाली ओघळतं आणि काही कळत नाही. एका जागी बराच वेळ धरायचं, मग पुढची जागा. आणि फवारा जोरात मारायचा नाही, पाऊस पडतो तसं सोडायचं.

दाराच्या रबराला मी आतून टाल्कम पावडर लावली होती. पाणी तिथून शिरलं असतं तर पांढऱ्यात ओघळ उमटला असता. मग मी पाय सीटच्या पाठीवर टाकून, डोकं डॅशबोर्डखाली घालून, हातात मोबाईलचा टॉर्च धरून पडले. मी त्या वेळी कशी दिसत होते ते ताईंच्या फोनमध्ये आहे. तो फोटो मी इथे टाकणार नाही.

पाईप सासूबाईंनी घेतला. कुणाला देईनात.

"आई, आधी दाराच्या खालच्या कडेला."

"मारतेय."

काही नाही.

"आता दाराच्या वरच्या कडेला."

पावडर कोरडी. दार निर्दोष.

"आता पुढच्या काचेच्या कोपऱ्यात."

बराच वेळ काही नाही. माझी मान आखडली. शेजारच्या गॅलरीत दोन बायका येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या एकीने विचारलं, "गाडी धुता व्हय? मग आत कोण हाय?"

"सून हाय," सासूबाई म्हणाल्या. "तीच डाक्टर."

"आई, आता वायपरच्या खाली. ती काळी जाळी आहे ना, तिच्यात."

काचेवरून ओघळलेलं पाणी त्या जाळीतून खाली जातं आणि कडेच्या भोकांतून बाहेर पडतं. जायला हवं तसं. मी टॉर्च फिरवत होते. डॅशबोर्डच्या मागे, इंजिन आणि आपण यांच्यामध्ये पत्र्याची भिंत असते, तिच्यातून एक काळी वायर आत आली होती. त्या वायरवर उजेड पडला आणि काहीतरी चमकलं. थेंब होता. वायरवरून घरंगळत आला, वायर जिथे खाली वाकली होती तिथे थांबला, जाड झाला आणि टप्पकन माझ्या गालावर पडला. मागोमाग दुसरा.

"सापडलं!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की आत झोपलेले यजमान बाहेर आले.

बाहेर येऊन मी बॉनेट उघडलं आणि ती वायर पलीकडून शोधली. भिंतीला भोक होतं, वायरपेक्षा दुपटीने मोठं. अशा प्रत्येक भोकात रबराचं बूच असतं आणि वायर त्यातून घट्ट जाते. इथे बूच नव्हतं. वायर तशीच ओवलेली. आणि ती वायर पुढे जात होती फॉगलॅम्पकडे. ते जुलैत आम्ही बसवून घेतले होते. कुठे? त्याच सर्व्हिस सेंटरमध्ये.

मी बॉनेटला धरून तशीच उभी राहिले. मला वाटलं होतं, सापडलं की मी नाचेन. पण मला आठवत होता तो माणूस, माझ्याकडे न बघता 'लेडीजच्या हातून' म्हणणारा.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

मी दाखवलं. ताईंनी भोकात करंगळी घातली. ती आरपार गेली. मग पुन्हा पाणी सोडून त्यांनी आतून त्या थेंबाचा व्हिडिओ काढला.

रोह्याच्या बाजारात सुट्ट्या भागांचं एक दुकान आहे, पूल ओलांडून चालत जाता येतं. कुंडलिका तुडुंब वाहत होती, गढूळ आणि घाईत. दुकानदाराने मापाचं बूच आणि सिलिकॉनची ट्यूब काढून दिली. दोन्हींचा मिळून खर्च आमच्या पेणच्या मिसळीपेक्षा कमी आला. "लावायला मिस्त्री पाठवू काय?" त्याने विचारलं. म्हटलं, "नको. भोक मी शोधलंय, बूच मीच बसवणार."

बसवायला वेळ लागला. वायर सोडवून बुचातून ओवली, बूच भोकात दाबलं, त्याच्या कडेने सिलिकॉन भरलं. ते वाळायला कोरडी हवा लागते आणि तेवढ्यात खिंडीकडून ढग आले. मग ताई, त्यांचे अर्धवट झोपेतले यजमान आणि सासूबाई यांनी पावसाळ्यात गॅलरीला बांधायचं निळं प्लास्टिक सोडून आणलं आणि तिघं ते गाडीच्या तोंडावर धरून उभे राहिले. सासूबाईंना म्हटलं, तुम्ही आत जा. त्या म्हणाल्या, "खाडीचा बांध फुटला तवा आख्खं गाव पान्यात उभं हुतं. मी आता छपरीत जाऊन बसू व्हय?"

दुसऱ्या दिवशी, रविवारी, परत निघालो. भिसे खिंडीपासून पेणपर्यंत आभाळ फाटल्यासारखा पाऊस. या वेळी एसी लावला. प्रत्येक थांब्यावर मी कार्पेट उचललं आणि प्रत्येक थांब्यावर कागद कोरडा निघाला. खारपाड्याला सासूबाईंनी तोच कागद काढून वाचायला घेतला.

सर्व्हिस सेंटर रविवारी अर्धा दिवस उघडं असतं. तो सुपरवायझर काउंटरवर होता. "काय ठरलं मॅडम? विकायची?"

"बाहेर या," मी म्हटलं.

मी बॉनेट उघडलं. वायर दाखवली. बूच दाखवलं. उभ्या गाडीत भिजलेल्या कागदाचा फोटो दाखवला, वायरवरून येणाऱ्या थेंबाचा ताईंनी घेतलेला व्हिडिओ दाखवला. तो म्हणाला, "हे बाहेरच्या कुणीतरी केलं असेल."

"फॉगलॅम्प तुम्ही बसवलेत. बिल आहे माझ्याकडे."

त्याने आजूबाजूला बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मुलं नवीन असतात मॅडम. आतलं कार्पेट फ्रीमध्ये ड्रायक्लीन करून देतो. विषय संपवू."

"कार्पेट कराच. पण विषय तेवढ्यानं संपत नाही. माझ्या गाडीच्या नोंदीत तुम्ही लिहिलंय, ग्राहकाचा निष्काळजीपणा. ते खोडा. आणि माझ्या नवऱ्याला फोन करून सांगा, पाणी कशानं येत होतं. माझ्यासमोर."

"आता साहेबांना कशाला त्रास…"

"त्या दिवशी साहेबांनाच सांगितलं होतंत ना? माझ्याकडे बघितलंसुद्धा नव्हतंत."

तिथे आणखी दोघं-तिघं गिऱ्हाईकं उभी होती. एक बाई हातातली किल्ली फिरवायची थांबून ऐकायला लागल्या. मी हललेच नाही. सासूबाई गाडीतून उतरल्या आणि माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

त्याने नोंद बदलली. मी ती वाचून घेतली. मग त्याने फोन लावला आणि अडखळत का होईना, सगळं सांगितलं. 'आमच्याकडून' हा शब्द त्याला दोनदा म्हणायला लागला, कारण पहिल्यांदा तो फार हळू म्हणाला होता.

घरी पोचलो तेव्हा सुधीर खाली उभा होता. त्याने सामान घेतलं, पोह्यांची पिशवी घेतली, आईला हात दिला. मग गाडीपाशी थांबला. "त्या गिऱ्हाइकाला मी परवाच नको म्हणून कळवलं," तो म्हणाला. "आईचा फोन आला तेव्हाच. नीलिमा, मी तुझं ऐकायला हवं होतं."

"हो," मी म्हटलं. 'जाऊ दे' मात्र म्हटलं नाही. आम्ही तिघं वर गेलो.

या सहलीत काय मिळालं असं विचाराल, तर धबधबा एकही बघितला नाही. जोह्याचे कारखाने राहिले. वास अजून पूर्ण गेलेला नाही. ड्रायक्लीन झालं तरी तो बेटा उन्हाळ्यापर्यंत जाणार नाही. पण पेण-रोह्याच्या वाटेवर मी जितकी स्वतःच्या बाजूने उभी राहिले तितकी याआधी कधी राहिले नव्हते, आणि आता ते अंगवळणी पडलंय. बँकेत, दुकानात, घरात कुणी 'चुकून झालं असेल' म्हटलं की मी विचारते, "कशावरून?"

परवा सोसायटीत शेडखाली जागा रिकामी होती. मी गाडी मुद्दाम उघड्यावर लावली. रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी मी दार उघडलं, पर्स शेजारच्या सीटवर टाकली आणि चटई चाचपून न बघता गाडी सुरू केली.